पाना

सुमेध,
तुझा ड्रायव्हर वाचला. मानवतच्या जिनिंगमधल्या
वजनकाट्यासाठी, ऐन कापसाच्या घाईत लिहिलेला,
तरी नीट समास सोडलेला.
एकशे बाराव्या ओळीत मात्र थांबले.

तिथं तू ज्या फंक्शनला हाक मारलीस
त्याच्या नावाआधी दोन रेघा आहेत, खाली ओढलेल्या.
आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळतात;
हे नाव आधी जमिनीवर रेघ मारतं, मग उभं राहतं.
ती मारताना मला वाटलं होतं
उंबरठा म्हणून एवढं पुरे.

माझे वडील जालन्यात वॉल्व्हमन होते.
दहा दिवसांआड पाणी, आणि खांद्यावर
टी-आकाराचा लोखंडी पाना.
आम्ही पोरं त्याला घरातला पाचवा माणूस म्हणायचो,
कारण तो दाराआड झोपायचा
आणि पहाटे तीनला उठायचा.

एका उन्हाळ्यात मंगल कार्यालयाच्या साळुबा खरातांनी
लेथवर तसाच पाना करून घेतला.
चोरी नव्हे. घरचं फंक्शन होतं
(आमच्याकडे लग्नालाही फंक्शनच म्हणतात),
आठशे पान उठायचं होतं.
त्यांनी वॉल्व्ह बरोबर ओळखला,
बरोबर दिशेनं फिरवला.
फक्त वरचा आधी बंद करायचा असतो
हे पान्यावर कुठं लिहिलेलं नसतं.

पाइप त्यांच्या दारात फुटला नाही.
फुटला कादराबादेत, दोन किलोमीटरवर,
शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या ओट्याखाली.
तिच्या मशीनचं पायडल चिखलात रुतलं
आणि तिला शेवटपर्यंत कळलं नाही
लग्न कुणाचं होतं.

तुझ्या काट्यानंही वजन बरोबरच दाखवलं.
कोरी निघाली ती शेजारच्या प्रिंटरची पावती,
तीही चारशे गाड्यांमागे एखादी.
हमाल म्हणाले, कागद ओला असेल.

वडील साळुबांशी भांडले नाहीत.
म्हणाले, "नळ मागा ना, देतो. पाना काहून मागता?"
मग महिनाभर रात्रीचे जाऊन
एकेका वॉल्व्हचं चौकोनी डोकं
पाचकोनी करून आले.
लोक बोललेच: शेषराव माजला,
सरकारी पाण्याला बापाची तिजोरी समजतो.

मी आज तेच केलं.
ते नाव बाहेरच्या यादीतून काढलं.
उद्या तू बिल्ड लावशील तेव्हा मशीन म्हणेल,
या नावाचं इथं कुणी राहत नाही.
चिडशील. चीड.
दार सताड होतं, तू आत आलास;
सताड ठेवणारी मीच.

आणि एक राहिलं. वडिलांची गोष्ट सांगताना
माझ्याकडून नेहमी राहतं:
साळुबांनी नळासाठी अर्ज केला होता. दोनदा.
पोरगी नांदायला गेल्यावर तो
पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सापडला,
टेबलाच्या हलत्या पायाखाली, चार घड्या घालून.

तुझी चिठ्ठी माझ्याकडे सात महिने पडून होती.
"काटा सेकंदाला दहा वेळा वाचायचाय, वाट द्या."

म्हणून रात्री बसले. नवं फंक्शन, साधं नाव,
आधी रेघ नाही. कुलूप तेच लावतं, तेच काढतं.
आतलं सगळं उद्या मी उलथंपालथं केलं
तरी तुझ्या काट्याला खबर लागू नये, एवढीच खटपट.
थोडं हळू चालतं. किती, ते मोजलेलं नाही.
पहिल्या गाड्या आल्या की मोज आणि कळव,
शिव्यांसकट कळव.

वडिलांचा पाना अजून दाराआड आहे.
गावात नवी लाइन पडली;
आता तो कुठल्याच वॉल्व्हला बसत नाही.